बदली काठमांडूला, मुलगी आठवीच्या उंबरठ्यावर: मुलांना न्यावं की गावी ठेवावं?

पारोळा तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. पती फौजेत हवालदार क्लार्क. काठमांडूच्या पेन्शन पेइंग ऑफिसला, म्हणजे नेपाळमधल्या आपल्या माजी सैनिकांना पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला, तीन वर्षांचं पोस्टिंग निघालं आहे आणि तिथे कुटुंब नेता येतं. मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. मुलगा दुसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. फौजी जानेवारीत रुजू होणार. सासूबाईंना नातवंडं डोळ्यांआड होऊ द्यायची नाहीत. दीर म्हणतात, मुलीला जळगावला वसतिगृहात ठेवा, दहावी इथूनच होऊ द्या, परदेशातल्या शाळेचा दाखला पुढे कोण विचारतो. ताईंचा शेवटचा प्रश्न असा: "आम्ही सोबत राहावं म्हणून मुलांचं वाटोळं तर करत नाही ना?"

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. दोघांनाही घेऊन जा. मुलीला तर नक्कीच. आणि मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला न्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मी सेना शिक्षा कोरमध्ये २४ वर्षं काढली, सुभेदार म्हणून घरी आलो. युनिटमध्ये आम्हाला मास्टरजी म्हणतात. जवानांचे सर्टिफिकेटचे वर्ग आणि मॅप रीडिंग हे आमचं कामच, पण कुणाच्या पोराचा शाळाप्रवेश अडला की तोही मास्टरजींच्याच टेबलावर येतो. निवृत्तीनंतर अमळनेरला राहतो आणि आता आपल्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांतल्या फौजी घरांचे हेच कागद बघत असतो. एवढ्या वर्षांत बदलीमुळे बिघडलेली मुलं मी फार थोडी पाहिली. चुकीच्या इयत्तेत झालेली बदली, मुलाला न सांगता झालेली बदली आणि कागद अर्धवट ठेवून झालेली बदली, या तिन्हींनी मात्र बरीच मुलं मागे पडलेली पाहिली. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

इयत्तेचं आधी बोलू. सीबीएसईमध्ये विद्यार्थ्याची बोर्डाकडे नोंदणी नववीत होते आणि नववी-दहावी हा एकच जोड धरला जातो. विषय तिथे ठरतात, नाव तिथे पक्कं होतं. थेट दहावीत शाळा बदलायची तर पालकाच्या बदलीचे कागद दाखवून बोर्डाची परवानगी काढावी लागते. केंद्रीय विद्यालयाचंही तसंच आहे. बाहेरच्या शाळेतून दुसरी ते आठवीत येणाऱ्या मुलाला प्रवेश परीक्षा नसते, नववीला असते. म्हणजे तुमची मुलगी आठवीत गेली तर दारातून जाईल, वर्षभर थांबून नववीला गेली तर आधी पेपर द्यावा लागेल, तोही नव्या माध्यमातून. आता तीन वर्षं मोजा: आठवी, नववी, दहावी. बोर्डाची परीक्षा देऊन ती अकरावीला महाराष्ट्रात परत येते. फौजींची तीन वर्षं जानेवारीत भरतील आणि परीक्षा त्यानंतर लगेच असेल, तेव्हा तेवढे दोन-तीन महिने कुटुंब तिथे ठेवण्याचं आधीच विचारून ठेवा. इतकी नेमकी जुळलेली बदली मी क्वचित पाहिली आहे. मुलाचंही मोजा: तिसरी, चौथी, पाचवी, आणि सहावीला घरी.

दिरांची शंका रास्त आहे, पण ती शाळा परदेशातली असली तरी परकी नाही. केंद्रीय विद्यालयांची योजनाच मुळी तुमच्यासारख्यांसाठी जन्मली. १९६२ साली तिला मंजुरी मिळाली आणि १९६३ मध्ये पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली, कारण बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या मुलांना देशभर एकच पुस्तक आणि एकच वेळापत्रक मिळावं. भारताबाहेर अशी तीन विद्यालयं आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. काठमांडूचं भारतीय दूतावासाच्या आवारात, लैनचौर भागात आहे. गुणपत्रिका सीबीएसईची, म्हणजे नाशिक-पुण्याच्या केंद्रीय विद्यालयातल्या मुलाला मिळते तीच. तिथे जागेची अडचण आलीच तर शहरात सीबीएसईशी संलग्न दुसऱ्याही शाळा आहेत. फी आणि परदेशी नेमणुकीतला शिक्षणभत्ता यांचं गणित मात्र जाण्याआधी लेखी मागून घ्या, कारण परदेशातले भत्ते वेगळ्या नियमांनी मिळतात.

आता वेळेची अडचण. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि आपल्या शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलभर चालते. मुख्याध्यापकांना आताच भेटा. वार्षिक परीक्षेत नापास करून थांबवण्याचा नियम महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला आहे, सातवी आणि दुसरीला नाही, त्यामुळे काहीतरी मार्ग निघतो. फौजींना जानेवारीत एकटं जाऊ द्या. क्वार्टर मिळेल, शाळेत अर्ज होईल, तोवर मुलं इथलं वर्ष पुरं करतील. शाळा सोडल्याचा दाखला घेतला की त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायला विसरू नका. राज्याबाहेर जाणाऱ्या दाखल्याला ती लागते, आणि काठमांडूत बसून जळगावच्या कार्यालयाचा शिक्का आणणं किती अवघड असतं ते मी एका घरात पाहिलं आहे. मुलाचा सबंध एप्रिल त्यात गेला.

कागदांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडणं मी तिथेच पाहिलं.

मूल जन्मलं की फौजेत त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघते आणि त्या नोंदीवर त्याचं सगळं उभं राहतं: डिपेंडंट कार्ड, शिक्षणभत्ता, उद्या काही बरंवाईट झालं तर हक्कसुद्धा. तुमचे फौजी स्वतः क्लार्क आहेत. तरीही सांगतो, शंभर जणांच्या पार्ट टू ऑर्डर लिहिणाऱ्याच्या घरचीच नोंद चुकीची निघाल्याचं मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत, फौजेत कुठे आधी कुठे शेवटी, आधारवर तिसरंच. त्यात खानदेशात एका वर्गात सात पाटील. आईचं नाव लग्नाआधीचं एका कागदावर, लग्नानंतरचं दुसऱ्यावर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच कमी, एक ए जास्त. गावच्या शाळेत हे कुणी बघत नाही. नववीच्या नोंदणीत मात्र जे नाव जाईल तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून येतं आणि नंतर सुधारायला फार धावपळ करावी लागते. जन्मदाखला, पार्ट टू ऑर्डर, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट, असे पाच कागद एका रांगेत मांडा. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख पाचही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखी असली पाहिजे. जिथे फरक दिसेल तिथे जाण्याआधी दुरुस्त करा. मुलांचे पासपोर्ट काढाच. नेपाळला जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही आणि मोठ्यांना मतदार ओळखपत्रही चालतं, म्हणून अनेक जण पासपोर्ट टाळतात. पण आधारच्या भरवशावर मोठ्या माणसाला ती सीमा ओलांडता येत नाही, आणि तीन वर्षांत मुलगी त्या वयात येणार आहे.

आधारचं आणखी एक. मुलांच्या बोटांचे ठसे पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. मुलाचे पाचव्या वर्षाचे राहिले असतील तर आताच देऊन टाका. तुमची मुलगी पंधराची होईल तेव्हा काठमांडूत असेल, म्हणून त्या वर्षीच्या सुट्टीत गावी आलात की पहिल्या आठवड्यात हे काम करा. आणि घरातल्या सगळ्यांच्या आधारला फौजींचाच मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर तिकडे ते सिम बंद पडलं की इथला प्रत्येक ओटीपी अडतो. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, बँक, सगळंच. इथे चालू राहणारा एक नंबर ठरवा, सासऱ्यांचा किंवा दिरांचा, आणि ज्याचं जे जोडायचं ते जोडून घ्या.

अकरावीच्या वेळचे कागदही आताच लक्षात ठेवा, कारण त्यांची मुळं गावात आहेत. फौजींचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला तहसीलमधून काढून ठेवा. पुढे इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशात मुलीची दहावी राज्याबाहेरची असली तरी आईवडिलांच्या अधिवासावर ती महाराष्ट्राची उमेदवार ठरू शकते, आणि सैन्यातल्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागाही असतात. अकरावीच्या प्रवेशातही आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांना विशेष आरक्षण आहे. २०२५ पासून हा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे अर्ज काठमांडूतून भरता येईल, पण कागद हाताशी हवेत. तुम्ही ज्या प्रवर्गात असाल त्याप्रमाणे जात पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा. तो पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात सापडतो, नाहीतर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. कोतवाल बुकाची पानं दरवर्षी थोडी थोडी झिजत चालली आहेत. सासऱ्यांना सोबत घेऊन या हिवाळ्यातच नक्कल काढा.

आता मुलांकडे येतो, कारण कागद पुरे झाले तरी शाळेच्या बाकावर बसायचं त्यांनाच आहे.

मुलीची खरी अडचण बुद्धीची नसेल, शब्दांची असेल. सेमीला असल्यामुळे गणित-विज्ञान इंग्रजीतून आहे, म्हणजे अर्धा डोंगर ती चढली आहे. पण घरी आणि वर्गात समजावताना शिक्षक मराठीतच बोलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. लसावि-मसावि, अंश-छेद, समलंब चौकोन, अपवर्तन हे शब्द तिच्या डोक्यात मराठीत बसलेत. तिथल्या बाई कधी इंग्रजी शब्द वापरतील, कधी हिंदी. आपला अपूर्णांक हिंदीत 'भिन्न' होतो. त्यासाठी एक साधी वही करा. पानाला तीन रकाने, मराठी, हिंदी, इंग्रजी. जानेवारी ते मार्च रोज दहा शब्द लिहिले तरी मार्चअखेर हजाराच्या आसपास जातील. ही वही मी शेकडो मुलांकडून करून घेतली आहे आणि शिकवणीपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला. हिंदी बोलणं तिला महिन्यात येईल, लिहिताना मात्र मराठी घुसेल. 'शिक्षा' हा शब्द आपल्याकडे छडीशी जोडलेला, तिकडे तो शिकण्याशी. तिसरीतल्या एका मुलाला वर्गात 'शिक्षा' हा धडा काढायला सांगितला तेव्हा तो रडायला लागला होता. असे शब्द आधीच सांगून ठेवले तर मूल घाबरत नाही.

संस्कृतकडे लक्ष द्या. केंद्रीय विद्यालयात ते सहावीपासून असतं आणि तुमच्या मुलीने ते पाहिलेलंही नसेल. आठवीत बसल्या दिवशी बाकीच्यांची दोन वर्षं झालेली असतील. पारोळ्यात किंवा अमळनेरात संस्कृत शिकवणाऱ्या बाई शोधा आणि तीन महिने आठवड्यातून दोन तास लावा. राम, लता, फल हे शब्द आणि पठ्, गम् हे धातू वर्तमान, भूत, भविष्यात चालवता आले की पुढे ती स्वतः ओढून नेईल. एनसीईआरटीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. सातवीचं गणित आणि विज्ञान उतरवून घ्या आणि आपल्या पुस्तकात नसलेले धडे तेवढे करून घ्या.

मुलाची गोष्ट उलटी आहे. तो तिकडे झटकन रुळेल. आठ वर्षांचं पोर पंधरा दिवसांत मित्र करतं, सहा महिन्यांत नेपाळीही बोलेल. काठमांडूत पाट्या देवनागरीतच असतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याला रस्ता वाचता येईल, आणि मुलाला धीर द्यायला तेवढं पुष्कळ असतं. त्याचं जे सुटेल ते मराठी. दुसरीतलं वाचन कच्चं असतं. तीन वर्षं हात लावला नाही तर सहावीला परत आल्यावर तो मराठीचं पुस्तक हिंदीच्या चालीत वाचेल. बालभारतीची तिसरी, चौथी, पाचवीची मराठीची पुस्तकं सोबत न्या. ती ऑनलाइनही मिळतात, पण कागदाचीच न्या. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन, रविवारी आजीला चार ओळींचं पत्र. पत्र खरंखुरं, टपालाने. आजीने उत्तर कुणाकडून तरी लिहून घ्यावं. सासूबाईंना नातवंडं दुरावण्याची भीती आहे ना? त्यांना हे काम नेमून द्या. मी पाहिलेल्या घरांत ज्या आजीला असं काम होतं, तिचा विरोध महिन्याभरात मावळला.

आणि घरात अहिराणी बोलत असाल तर ती थांबवू नका. हे मी हात जोडून सांगतो. छावणीत गेल्यावर आपल्या बायकांना वाटतं, पोरांची भाषा सुधारावी, म्हणून घरातही हिंदी सुरू होते. शिरपूरकडचा एक मुलगा पंजाबातल्या छावणीत वाढला. चौदाव्या वर्षी आजोबा आजारी पडले म्हणून गावी आला. म्हातारा खाटेवरून विचारत राहिला, "कव्हय उना रे भाऊ?" कधी आलास, एवढंच, आणि पोराला प्रश्नच कळला नाही, तो वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याचे वडील माझ्या शेजारी बसून ढसाढसा रडले होते. मेंदूत चार भाषांना जागा असते. मूल शाळेत एक बोलतं, मैदानात दुसरी, घरात तिसरी, आणि त्याचं काही बिघडत नाही. आखाजी आणि कानबाईचे दिवस तिकडेही पाळा. रोट करायला दळण मिळणार नाही, तर जे मिळेल त्याचं करा. पोरांना त्या दिवसाचं नाव आणि आईचा घाईचा आवाज लक्षात राहतो.

वसतिगृहाबद्दल. अमळनेरच्या माणसाला वसतिगृह म्हटलं की साने गुरुजी आठवतात. १९२४ पासून सहा वर्षं ते इथल्या शाळेत होते, छात्रालय सांभाळायचे, मुलांच्या खोल्या झाडायचे. तसं कुणी असेल तर आईबापापासून लांब राहिलेलं मूलही फुलतं, यात मला शंका नाही. पण तुम्ही सोबत नेऊ शकत असताना, तेराव्या ते सोळाव्या वर्षांत, मुलीला केवळ शाळेच्या दाखल्यासाठी ठेवणं मला पटत नाही. याच वयात तिला आई लागते. जळगावला ठेवलेल्या एका मुलीचे वडील परदेशी मोहिमेवर होते आणि आई धाकट्याला घेऊन गावी. मुलगी हुशार, फोनवर रोज "बरं आहे" म्हणायची. दर सोमवारी तिचं पोट दुखायचं, अक्षर बिघडत गेलं, डबा परत यायला लागला. कुणाच्या लक्षात यायला पाच महिने गेले. आजारी नव्हतीच ती, एकटी पडली होती. आईने धाकट्याला घेऊन जळगावात खोली केली आणि दोन महिन्यांत पोर ताळ्यावर आली.

ज्यांना कुटुंब नेताच येत नाही त्यांच्यासाठीही चार शब्द लिहितो, कारण असा प्रश्न विचारणाऱ्या घरांत त्यांचीच संख्या मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली माणसं काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉनला जातात. नेमणूक साधारण वर्षाची, कुटुंब बंद. फिल्डलाही, म्हणजे सीमेवरच्या नेमणुकीतही, तेच. अशा वेळी सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबाच्या फौजी घरासाठी, अर्ज करता येतो. खानदेशाला जवळचं म्हणजे देवळाली, तिथे आर्मी पब्लिक स्कूल आहे आणि मिलिटरी हॉस्पिटलही. गावाजवळच राहायचं असेल तर वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींची केंद्रीय विद्यालयं बघा. बदलीच्या केंद्रीय नोकरदारांच्या मुलांना तिथे पहिला क्रम असतो आणि मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजल्या जातात, म्हणून बदल्यांचा दाखला युनिटकडून घ्या. मूल वसतिगृहातच ठेवावं लागलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा. शिक्षणभत्ता १ जानेवारी २०२४ पासून दोन मुलांपर्यंत दरमहा प्रत्येकी २,८१२ रुपये ५० पैसे आहे. घरापासून ५० किलोमीटरपलीकडच्या निवासी शाळेत मूल असेल तर वसतिगृह अनुदान दरमहा ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र जोडून हे दोन्ही पैसे एकदाच मागायचे असतात, आणि कितीतरी जवान केवळ प्रमाणपत्र वेळेत न आणल्याने ते पुढे ढकलत राहतात.

लांबच्या बापाने फोन कसा करावा, हेही शिकावं लागतं. दक्षिण सुदानच्या जुबात किंवा काँगोच्या गोमात संध्याकाळचे पाच वाजले की आपल्याकडे साडेआठ झालेले असतात, म्हणजे जेवण होऊन पोरं झोपेला आलेली. त्यात बापाचा पहिला प्रश्न "अभ्यास कसा चाललाय?" आणि पोराचं उत्तर "बरा". संपलं बोलणं. मी जवानांना एक काम द्यायचो. मुलाच्या मराठीच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, आठवड्यात एक धडा स्वतः वाचा आणि फोनवर त्या धड्यातलं तुम्हाला न कळलेलं मुलाला विचारा. बापाला शिकवायला मिळालं की मूल तासभर बोलतं. ज्या दिवशी नेटवर्क नसेल त्या दिवसासाठी आवाज रेकॉर्ड करून आधीच पाठवून ठेवा. आणि फोन येण्याची वेळ मुलाला पक्की सांगू नका, ज्या दिवशी तो येत नाही त्या रात्री ते झोपत नाही. घरातल्या मोठ्यांना मूल फारच गप्प वाटायला लागलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता तुमच्याकडे परत येतो. मुलांना अजून सांगितलं नसेल तर आजच सांगा. माझ्या थोरल्याला मी सामान बांधायच्या दिवशी सांगितलं होतं. दहावीचं वर्ष, ऑगस्ट महिना. मला वाटलं, आधी कळलं तर अभ्यासावरून लक्ष उडेल. त्याने नव्या शाळेत सहा महिने कुणाशी मैत्री केली नाही, म्हणाला, "पुन्हा एका दिवसात सोडायला लावाल." आज तो चाळिशीला आला आहे, त्याचं सगळं नीट झालं, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही. तुमच्या मुलीला तीन महिने आहेत. तिला नकाशा दाखवा. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग घाटाचा रस्ता. साधारण १,४०० मीटर उंचीचं गाव, थंडी आपल्या पोरांनी कधी पाहिली नाही अशी, तेव्हा स्वेटर इथून मापाचे घेऊ नका, एक माप मोठे घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. वर्षं विक्रम संवतात मोजतात, आजीच्या पंचांगात तो संवत छापलेला असतो, मुलाला तो शोधायला लावा. मुलीला मैत्रिणींचा निरोप नीट घेऊ द्या, दोघी-तिघींना घरी वरण-बट्टीला बोलवा. २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप नेपाळातच झाला होता. घाबरवू नका, पण घर हललं तर टेबलाखाली जायचं, जिन्याकडे पळायचं नाही, आणि नंतर कुठे भेटायचं, हे पहिल्या रविवारी घरातच करून दाखवा.

मुलाच्या सहावीबद्दल एकच सूचना. कुणी तुम्हाला नवोदयचं सांगेल. त्या परीक्षेला पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असावी लागते, त्यामुळे काठमांडूतून ती देता येणार नाही. त्याची खंत करू नका. साताऱ्याच्या सैनिक शाळेची सहावीची परीक्षा देता येईल, सैन्यातल्या आजी-माजी माणसांच्या मुलांना तिथे काही जागा राखीव आहेत. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमध्येही जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरेंच्या) मुलांना मोठा वाटा आहे. पण तो विचार पाचवीत, त्याला विचारून करा. नुकतंच घरी आलेलं पोर लगेच दुसरीकडे पाठवायची घाई नको.

या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा, आणि फौजी सुट्टीवर असेपर्यंत ते पाच कागद एका जागी आणा. डिसेंबरात ते घरी असतीलच. एखाद्या रविवारी दोघं अमळनेरला या, मुलीलाही आणा. नावं आणि तारखा मी स्वतः जुळवून बघतो, आणि तिची तीन रकान्यांची वही आपण त्याच दिवशी सुरू करू.